आरसा फार खाली लागलाय

प्रिय सुतार,

शेवटच्या प्रकरणातलं बोलणं अजून का येत नाही, असं तू मागच्या आठवड्यात विचारलंस, मग परत विचारलंस, आणि काल तर चक्क निरोप ठेवलास की संपादकबाई तुझा जीव खातायत. माझाही खातायत. त्यांना मी सांगितलं की घसा बसलाय. लिहिण्याचा आणि घशाचा काय संबंध, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, इतक्या त्या घाईत होत्या. पण तुला खोटं कशाला सांगू? जिला तू लग्न झाल्यापासून वटवट म्हणत आलास, तिचं बोलणं अडलं म्हणजे काहीतरी झालं असणार, एवढं तुला कळायला हवं होतं. तर काय झालं ते सांगते. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हं' म्हणतोस आणि तुझ्या त्या 'हं'पुढे माझं सगळं आवरतं होतं. पत्रात तुला मधे 'हं' म्हणायची सोय नाही. सवडीनं वाच, आणि बसून वाच.

आधी घरचं. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. तू आणून ठेवलेला वायसर भलत्याच मापाचा निघाला. नळवाल्यानं तो हातात घेऊन असा काही चेहरा केला की तुझी बाजू घ्यायची मला लाज वाटली. खालच्या शिवणवाल्या काकू जिन्यात भेटल्या की तुझी चौकशी करतात. मी म्हणते, बहिणीकडे आहे, पुस्तक संपवतोय, संपलं की येतोय. त्या मान हलवतात आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात. तुझं टेबल तू गेलास तेव्हापासून तसंच भिंतीकडे तोंड करून आहे. आपल्या पुस्तकातला नवरा त्याचं टेबल फिरवतो, ते कसं दिसतं बघायला तू फिरवलं होतंस. एरवी पुस्तक संपत आलं की तू सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचास, दोन टेबलं समोरासमोर आणि मधे आपला एकच दिवा. या वेळी राहिलं. मी त्यावरची धूळ पुसते आणि पुढच्या कामाला लागते.

एकच पुस्तक दोघं मिळून कसं काय लिहिता, असं काकूंनी परवा विचारलं. एक ओळ तुमची नि एक त्यांची असं असतं का? मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, सदऱ्याचं अंग एक जण शिवतो आणि बाह्या दुसरा. खोल्या त्याच्या, बोलणं माझं. घर, दुकान, जिना, कोण कुठे बसलंय, हातात काय आहे, उजेड कुठून येतोय, हे सगळं तो लिहितो आणि मधे मोकळी जागा सोडतो. त्या मोकळ्या जागेत मी माणसांना बोलायला लावते. त्याच्या खोलीतली काडी मी हलवायची नाही आणि माझ्या बोलण्यातला शब्द त्यानं. काकूंना हे पटलं, शिवणकामात असंच असतं म्हणाल्या. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, ती आपली घरातली गोष्ट. ती ही की तुला खोली मनानं रचताच येत नाही. मी तुला सुतार म्हणते ते कौतुकानंच, पण सुताराला लाकूड लागतं, तसं तुला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय साधा कोनाडा लिहिता येत नाही.

आठवतं ना? दातांच्या डॉक्टरची खोली हवी होती तेव्हा तू चांगला धडधाकट दात दाखवायला गेलास आणि तो भरून घेऊन आलास. लॉजची खोली हवी होती म्हणून आपण स्वतःचं घर सोडून स्टेशनजवळच्या लॉजवर जाऊन राहिलो. ढेकणांनी मला फोडून काढलं आणि तू टेप घेऊन खिडकीची रुंदी मोजत बसला होतास. मला इतकं हसू यायला लागलं की शेजारच्या खोलीतल्या माणसानं भिंतीवर थापा मारल्या. सुखाचा दिवस म्हटलं की मला अजून तोच आठवतो, आता त्याला काय करू. बाकी मग आपल्या पुस्तकांतली सगळी घरं म्हणजे हेच आपलं घर, कधी डावीकडून पाहिलेलं, कधी उजवीकडून. तुझ्या ताई तर पुस्तक उघडलं की आधी आपलं कपाट कुठल्या पानावर आहे ते शोधतात.

तुझं दुखणं ते, माझं वेगळं. मला शब्द ऐकू येतात. शब्द माणसाच्या तोंडात आपोआप उगवत नाही, कुणाच्या तरी सहवासात चिकटतो, हे मी तुला किती वेळा सांगितलंय. दात भरून आलास तेव्हा दोन दिवस तू सगळ्याला 'किंचित' म्हणत होतास. चहा किंचित गोड झालाय, मला किंचित उशीर होईल. ताईंकडे राहून आलास की प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'बरं का' लागलेलं असायचं. मी तुझी टर उडवायचे आणि तू म्हणायचास, या घरात तोंड उघडायची चोरी झालीय. तेव्हा तू हसत म्हणायचास.

मग हे पुस्तक आलं. नवरा-बायको वेगळे होतात एवढीच गोष्ट, पण संपादकबाईंची अट मोठी होती. दोघांपैकी कुणीही तसं म्हणायचं नाही. भांडण नको, रडारड नको, दार आपटणं तर मुळीच नको. वाचणाऱ्याला खोलीवरून कळलं पाहिजे आणि त्यांच्या साध्या बोलण्यावरून कळलं पाहिजे. आपण किती खूश झालो होतो. बाईंनी हे आपल्या दोघांसाठीच बेतलंय असं तूच म्हणालास. पुस्तकातल्या दोघांना तू आपलं घर दिलंस आणि प्रत्येक प्रकरणात त्यातली एकेक वस्तू काढत गेलास. आधी गॅलरीतली दुसरी खुर्ची गेली. मग भिंतीवरचा फोटो गेला आणि खिळा राहिला. मग टेबलं फिरली. लिहिण्याआधी तू ते घरात करून बघत होतास, म्हणून आपली खुर्चीही माळ्यावर गेली आणि आपलाही फोटो उतरला.

तुझ्यामागून मी पुस्तकातल्या बायकोच्या बोलण्यातून शब्द काढत गेले. सुरुवातीला ती त्याला नावानं हाक मारायची. मग नुसतं 'ऐकलंस का'. मग तेही नाही, येऊन शेजारी उभी राहायची. आधी म्हणायची, आपण जाऊ. नंतर म्हणायला लागली, मी जाऊन येते. 'जेवलास का'च्या जागी 'झाकून ठेवलंय' आलं. संध्याकाळी आपण एकमेकांना वाचून दाखवायचो. एकदा मी तुला म्हणाले होते, काय उतरलंय रे, अंगावर काटा येतो. तू मान खाली घालून कागदांच्या कडा जुळवत राहिलास. मला वाटलं, लाजलास. आता वाटतं, मी किती खुळी, त्या माणसाचं चाललंय काय आणि मी त्याला शाबासकी देतेय.

पुढे तू म्हणालास की भरल्या घरात बसून रिकामं घर लिहिता येत नाही. ताईंकडे वरची खोली मोकळी आहे, तिथे जातो, पुस्तक छापायला गेलं की घरी येतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुस्तकासाठी ढेकणांत राहिलेला माणूस, बहिणीकडे राहणं म्हणजे त्याला चैनच. तुझी बॅग मीच भरली. राखाडी स्वेटर टाकायला लागले तर तू तो परत काढून ठेवलास, म्हणालास, कशाला, थंडी पडायच्या आत येतोय. जिन्यात तू मागे वळून दिव्याचं बटण नीट चालत नाही ते बघून घे म्हणून सांगितलंस. मी हो म्हटलं. थंडी केव्हाच पडली.

आता त्या प्रकरणाकडे येते. वेगळं झाल्यावर ती त्याचे गरम कपडे द्यायला त्याच्या नव्या जागेवर जाते. तो एकटा राहतोय. तो चहा करतो, ती खोलीभर नजर फिरवते, दोघं काहीतरी बोलतात आणि ती निघते. बोलण्याच्या जागा नेहमीप्रमाणे माझ्यासाठी मोकळ्या. कागद आले तेव्हा मी पेन्सिल घेऊन गॅलरीत बसले आणि खोली वाचून मनापासून वा म्हटलं. दारातून आत शिरलं की लगेच ओटा, ओट्यावर खिडकी, खिडकीतून समोरच्या शाळेची पिवळी भिंत. दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडतं आणि तिथून खोलीत येतं, म्हणून ओट्यावरची सगळी भांडी पिवळसर दिसतात. इतकं मायेनं तू आपलं घरही कधी लिहिलं नव्हतंस. पुढे तो दाढी करायला आरशापुढे उभा राहतो आणि गुडघ्यांत वाकतो. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, आरसा फार खाली लागलाय. कारण पुस्तकातला तो तुझ्याएवढा उंच आहे, पहिल्याच प्रकरणात त्याचं डोकं चौकटीला आपटतं. एकटा राहणारा उंच माणूस आपला आरसा छातीपाशी कशाला टांगेल? खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या पुस्तकांत तुझी चूक मला कधी सापडली नव्हती. फोन करून तुला चांगलं पिडणार होते.

मग पुढचं वाचलं. मिठाची बरणी शेगडीच्या डाव्या हाताला, सुरीही तिथेच, किटलीचा दांडा डावीकडे वळलेला. तो उजव्या हाताचा, म्हणून मीठ घ्यायला दर वेळी शेगडीवरून हात नेतो आणि बाही पोळवून घेतो. टॉवेलाची खुंटी इतकी खाली की टॉवेल जमिनीला टेकतो. मी स्वतःची समजूत घातली की आधीचा भाडेकरू बुटका आणि डावखुरा असेल, त्यानं ठोकलेलं यानं तसंच ठेवलं. स्वतःची समजूत घालायला बसलं की बाई वकिलाला हरवते. पण मग ते तू लिहिलं असतंस. भिंतीवरच्या नुसत्या खिळ्याचंही कारण देणारा माणूस तू. आणि ताईंच्या घरी डावखुरं कुणी नाही. त्यांच्या वरच्या खोलीत तर ओटाच नाही.

एवढ्यावरही मी वाचत राहिले असते, पण त्या खिडकीला तू 'इवलीशी' म्हटलंयस. तू. आपल्या एका पुस्तकातल्या आजीच्या तोंडी मी तो शब्द घातला होता तेव्हा तू अबोला धरला होतास, म्हणालास, असले लाडीक शब्द ऐकले की माझे दात शिवशिवतात. आपली रीत मोडून तो शब्द तू माझ्याकडून काढायला लावलास. तोच आता तुझ्या हातून सहज आलाय, खाडाखोड नाही, काही नाही. दोन ओळी खाली उशीचा अभ्रा वाळतोय. आपल्याकडे खोळ म्हणतात. तुझ्या आईंकडे खोळ, ताईंकडेही खोळ. इतकी वर्षं मी खोळी धुतल्या आणि तू त्या चढवल्यास, जन्मात अभ्रा म्हणाला नाहीस. कुणीतरी तुझ्याशेजारी बसून दिवसभर बोलतं, आणि तू ऐकतोस, आणि तुला ते आवडतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

ताईंना फोन केला. सहज केल्यासारखा केला. हवापाण्याचं झाल्यावर विचारलं, तुमच्या वरच्या खिडकीतून शाळेची भिंत दिसते का हो? त्या म्हणाल्या की हल्ली गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही. मी म्हटलं, जपा, तेल लावत जा. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांना खोटं बोलायची सवय नाही आणि खरं त्यांच्या भावाचं होतं, म्हणून बिचाऱ्या गुडघ्यांवर गेल्या. फोन ठेवताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्यावरून मला उरलेलं समजलं.

तेव्हापासून मी तिला ओळखते. डावखुरी आहे, माझ्याहून बुटकी आहे, उशीच्या खोळीला अभ्रा म्हणते आणि लहान वस्तूंचं तिला कौतुक आहे. तिच्या खोलीत तिचा आरसा तिच्या उंचीवर लागलाय. आणि तू तो वर टांग असं म्हणत नाहीस, तू वाकतोस. आपल्या घरी टेबलाचा कोपरा मांडीला लागला तर तू दिवसभर कुरकुरायचास. तिथे बाही पोळते तरी बरणी हलवत नाहीस. बाकी सगळं मी एक वेळ गिळलं असतं, पण तुझं ते वाकणं मला फार लागलं. तिचं नाव मला ठाऊक नाही, कळवूही नकोस.

आपल्या पुस्तकात जे जे मना होतं ते सगळं मी केलं. रडले, तुला वाटेल ते बोलले, दारही आपटलं. रिकाम्या घरात दार आपटण्यात काही अर्थ नसतो, आपणच दचकतो. चार दिवसांनी जरा शांत झाले, तेव्हा एकच प्रश्न उरला, तो अजून सुटलेला नाही. तू हे चुकून लिहिलंस की मुद्दाम? तुला दुसरी खोलीच येत नव्हती, समोर होती ती लिहिलीस आणि सवयीनं माझ्याकडे धाडलीस, वाचणारी कोण आहे याचं भान राहिलं नाही, असं एक दिवस वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, बोलणं हे माझं काम, तुला ते कधी जमलं नाही, म्हणून तू तुझ्या कामातून सांगितलंस. चुकून असेल तर तुझी कीव येते. मुद्दाम असेल तर राग येतो, आणि त्या रागातही वाटतं, हे वाचू शकणारी जगात मी एकटीच होते. उत्तर पाठवू नकोस. दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला नको आहे.

प्रकरणाचं म्हणशील तर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या खोलीत हात घातला. आरसा वर टांगला, खुंटी वर ठोकली, मीठ उजवीकडे ठेवलं. इवलीशी खोडून लहान केलं, अभ्र्याची खोळ केली. आई आपलं प्रत्येक पुस्तक चष्मा लावून दोनदा वाचतात, आणि तुला त्या माझ्याही आधीपासून ओळखतात. त्यांना काय कळायचं ते तुझ्या तोंडून कळू दे, छापून आलेलं नको. आता पुस्तकातला तो खरोखरच एकटा राहतोय. त्याचं मला वाईट वाटलं, पण त्याला इलाज नव्हता. पुस्तकातल्या तिच्यासाठी मी पानंच्या पानं लिहिली होती, टोमणे तर असे की तू वाचून आठवडाभर घराबाहेर पडला नसतास. सगळं फाडून टाकलं. ती पिशवी ठेवते, बसते, चहा घेते आणि म्हणते, खिडकी छान आहे. तो विचारतो, अजून घेणार का? ती नको म्हणते, अंधार पडायच्या आत निघते. एवढंच ठेवलं. संपादकबाईंना काही कमी वाटलं तर वाटू दे.

आता खरं सांगते. हे बोलणं केव्हाच लिहून झालं होतं. ते अडलं नव्हतं, मीच ते धरून ठेवलं होतं. पुस्तक गेलं की तू घरी, असं आपलं ठरलेलं. पुस्तक जात नव्हतं तोवर शिवणवाल्या काकूंना सांगायला 'संपलं की येतोय' हे माझ्याकडे होतं, आणि काकूंना सांगताना मलाही थोडं खरं वाटायचं. आज दुपारी मी प्रकरण पाठवून दिलं. मग काकूंना वर बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून तुझं टेबल दाराजवळ आणून ठेवलं. तुझा राखाडी स्वेटर आणि लोकरीची टोपी पिशवीत भरली आहे, ती ताईंकडे देईन, त्या तुला पोचवतील. पत्ता विचारून मी त्यांना पेचात टाकणार नाही. हे पत्र त्याच पिशवीत, स्वेटरच्या खाली आहे. स्वेटर कोपराला विरलाय, तो मी रफू करणार होते, राहिलं. तू शब्दाचा पक्का आहेस, पुस्तक गेलं हे कळलं की येशील. दारात उभा राहशील, तुला बोलता येणार नाही, आणि तुझ्या वाटचं बोलणंही मलाच बोलावं लागेल. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून हे लिहिलं. येऊ नकोस. खिडकी खरंच छान आहे.

कालपर्यंत तुझीच,
वटवट